एस्ट्राडायोलच्या खालच्या ओळी

एस्ट्राडायोल म्हणजे एस्ट्रोजेन गटातलं मुख्य हॉर्मोन. त्याच्या रिपोर्टवर आकड्याशेजारी चांगल्या चार-पाच रेंज छापलेल्या असतात. फॉलिक्युलर फेज, ओव्ह्युलेशन, ल्युटियल फेज, मेनोपॉजनंतर, आणि सगळ्यात खाली पुरुष. हॉर्मोन्स सुरू केल्यानंतरच्या पहिल्या रिपोर्टवर माझा आकडा होता ९६. तो यातल्या कुठल्या ओळीशी ताडून बघायचा, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. मला पाळी येत नाही, म्हणजे पहिल्या तीन ओळी बाद. जी आलीच नाही ती जाणार कुठून, म्हणजे चौथीही बाद. राहिली पाचवी, आणि तिच्यातून बाहेर पडण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चाललेला. सॉफ्टवेअरला असले प्रश्न पडत नाहीत. फॉर्मवर जुन्या ओळखपत्राप्रमाणे ‘पुरुष’ लिहिलेलं होतं, त्यानं पुरुषांची रेंज घेतली आणि ९६च्या पुढे ठळक ‘एच’ ठोकला. एच म्हणजे हाय, जास्त. टेस्टोस्टेरॉनपुढे ‘एल’, हिमोग्लोबिनपुढेही ‘एल’. एखाद्या अनोळखी डॉक्टरनं तो कागद पाहिला असता, तर मला किमान दोन-तीन आजार आहेत अशी त्याची खात्री झाली असती.

मी ट्रान्स स्त्री आहे. एस्ट्राडायोल आधी गोळ्यांतून आणि पुढे जेलमधून, सोबत टेस्टोस्टेरॉनला आवर घालायला स्पायरोनोलॅक्टोन, असे माझे उपचार. पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, नंतर वर्षातून एकदा-दोनदा, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. या रिपोर्टांशी हळूहळू जी ओळख होत गेली, तिच्याबद्दल लिहिते आहे. कुणी किती डोस घ्यावा हे यात सापडणार नाही. माझा डोस तुमच्या रक्तात काय करेल हे मला सांगता येणार नाही, आणि जो कुणी छातीठोकपणे सांगतो त्याच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

तर ते ९६. “तुमची रेंज लॅब छापत नाही,” डॉक्टर म्हणाल्या, “ती मी धरते.” एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत ट्रान्स स्त्रियांसाठी एस्ट्राडायोल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, असं उद्दिष्ट दिलेलं आहे. पाळी येणाऱ्या बायकांच्या रक्तात हे हॉर्मोन महिनाभर वर-खाली होत असतं. कधी तीस-चाळीस, तर ओव्ह्युलेशनच्या सुमाराला कितीतरी पट. आमच्यासाठीची रेंज म्हणजे त्या चढउतारांच्या मधली एक सोयीची पट्टी. मग ९६ कमी पडले का, असं मी विचारलं. त्या हसल्या. त्यांच्या लेखी ९६ आणि १०४ एकच होते. त्याच माणसाचं रक्त दुसऱ्या दिवशी तपासलं तरी एवढा फरक येतोच, म्हणाल्या. मला मात्र त्या चार पिकोग्रॅमांनी रात्रभर झोपू दिलं नव्हतं. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग, हे मी त्याच रात्री शोधून काढलं होतं.

पुढच्या खेपेला लॅब बदलली. नवा रिपोर्ट उघडला तर एस्ट्राडायोल ४१२ आणि टेस्टोस्टेरॉन १.६. जुन्या कागदावर टेस्टोस्टेरॉन ०.५२ होतं. म्हणजे एस्ट्राडायोल चौपट झालं म्हणून नाचायचं, की टेस्टोस्टेरॉन तिप्पट झालं म्हणून रडायचं? दोन्ही करायची गरज नव्हती, कारण बदललं होतं ते युनिट. नव्या लॅबचं एस्ट्राडायोल पिकोमोल प्रति लिटरमध्ये होतं. त्याला ३.६७ने भागलं की पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर मिळतात, म्हणजे ४१२चे झाले ११२. टेस्टोस्टेरॉन नॅनोमोल प्रति लिटरमध्ये होतं. त्याला २८.८ने गुणलं की नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे ४६. आणि जुन्या लॅबचं ०.५२ हे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं, शंभरनं गुणलं की ५२. दोन कागदांवर दोन भाषा, आणि सगळं एका रांगेत मांडल्यावर दिसतं काय, तर ९६चे ११२ आणि ५२चे ४६. कंटाळवाणी, सावकाश, छान प्रगती. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे युनिट लिहिलेलं असतं. ज्यांचे रिपोर्ट मोबाइलवर फोटो म्हणून पडलेले असतात त्यांना सांगणं एवढंच, की फोटो काढताना युनिटचा रकाना कापू नका. मदत मागणाऱ्या बऱ्याच जणांच्या फोटोत नेमका तोच रकाना नसतो.

युनिट जुळवलं तरी दोन लॅबचे आकडे तंतोतंत जुळतील असं नाही. बहुतेक ठिकाणी इम्युनोअसे पद्धतीनं, म्हणजे अँटिबॉडी वापरून तपासणी होते. काही मोठ्या लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमेट्री असते. टेस्टोस्टेरॉन अगदी कमी झालं की पहिल्या पद्धतीची अचूकता डगमगायला लागते, आणि आमचं टेस्टोस्टेरॉन तर खाली न्यायचंच असतं. म्हणून तीस की चाळीस यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. शक्य असेल तर एकाच लॅबला चिकटून राहावं. आपल्याला आपलीच आपल्याशी तुलना करायची असते.

आता वेळेबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ मी इथे पाहिला. रिपोर्टवर रक्त कधी घेतलं ते मिनिटासकट छापलेलं असतं. शेवटचा डोस कधी घेतला हे कुठेच नसतं, आणि रक्त घेणारे विचारतही नाहीत. गोळी गिळली तर पातळी सावकाश चढते. तीच गोळी जिभेखाली विरघळवली तर तासाभरात शिखर गाठते आणि पुढच्या काही तासांत घसरते. इंजेक्शन घेणाऱ्यांची पातळी काही दिवस वर चढते आणि पुढच्या इंजेक्शनपर्यंत उतरत जाते. समुद्राची पातळी भरतीला मोजली की ओहोटीला, हे न सांगता नुसता आकडा सांगण्यासारखं आहे हे. माझ्या ओळखीतली एक मैत्रीण जिभेखाली गोळी ठेवून तासाभरात रक्त द्यायची आणि तीनशेच्या वरचा आकडा मिरवायची. तिच्या डॉक्टरांनी सकाळचा डोस घेण्याआधी रक्त द्यायला लावलं, तर आकडा साठच्या घरात. शरीर तेच, डोसही तोच. दोन्ही आकडे खरे होते, पण एकटा कुठलाच पुरेसा नव्हता. आमच्या डॉक्टरांचा नियम साधा आहे: गोळी असेल तर पुढच्या डोसच्या आधी, आणि दर वेळी त्याच सुमाराला. इंजेक्शनवाल्यांना त्या दोन इंजेक्शनांच्या मधोमध किंवा पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी बोलावतात, पण एकदा ठरलं की तेच कायम.

गोळ्या गिळणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत आहे. पोटातून गेलेलं एस्ट्राडायोल आधी यकृतातून जातं आणि तिथे त्याचा मोठा हिस्सा एस्ट्रोन नावाच्या सौम्य भावंडात बदलतो. ते रक्तात एस्ट्राडायोलच्या कित्येक पट असतं, पण नेहमीच्या रिपोर्टात दिसत नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे काही औषधांतलं एस्ट्रोजेन या तपासणीत पकडलंच जात नाही. गर्भनिरोधक गोळ्यांमधलं एथिनिल एस्ट्राडायोल हे त्यातलं एक. स्वतःच्या मनानं त्या गोळ्या घेणाऱ्यांचा आकडा कमीच येतो, मग त्या गोळ्या वाढवतात, आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढत राहतो. या औषधाचा गुठळीचा धोका नैसर्गिक एस्ट्राडायोलपेक्षा जास्त आहे, म्हणूनच ट्रान्झिशनसाठी ते आता देत नाहीत. कमी आलेला आकडा इतका खोटा दिलासा किंवा इतकी खोटी निराशा देऊ शकतो, हे मला यातून पहिल्यांदा नीट समजलं.

पुढे गोळ्यांवरून जेलवर आले. त्यानंतरच्या पहिल्या रिपोर्टात एस्ट्राडायोल ८७०. युनिट तपासलं, पिकोग्रॅमच होतं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “जेल कुठे लावता?” दंडापासून मनगटापर्यंत, पाकिटातल्या कागदावर दिलं होतं तसं. “आणि रक्त कुठून घेतलं?” त्याच हाताच्या कोपराच्या आतून. सुई त्वचेतून जाताना तिथलं औषध सोबत घेऊन गेली होती. स्पिरिटचा बोळा फिरवल्यानं ते पूर्ण निघत नाही. दुसऱ्यांदा रक्त दिलं ते जेल न लावलेल्या हातातून, आणि आकडा आला ११८. मधल्या काळात मी ८७० हा आकडा एका ग्रुपवर टाकला होता, आणि तिथे माझं अभिनंदन झालं होतं, ते वेगळंच. आता रक्त द्यायचं असेल त्या सुमाराला मी जेल मांडीला लावते.

टेस्टोस्टेरॉनची ओळ वाचायला सोपी वाटते. सुरुवातीला ५४८, मग ५२, मग ४६. पण तो आकडा एकूण टेस्टोस्टेरॉनचा असतो. त्यातलं बरंचसं एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं, काही अल्ब्युमिनला सैलसर, आणि मोकळं फिरणारं जेमतेम एक-दोन टक्के. गिळलेल्या एस्ट्रोजेनमुळे यकृत एसएचबीजी जास्त बनवतं, म्हणजे एकूण आकडा तेवढाच दिसला तरी मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी कमी असू शकतं. शिवाय तुम्ही ब्लॉकर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनला अडवणारं औषध, कुठलं घेता यावर या ओळीचा अर्थच बदलतो. सायप्रोटेरोन टेस्टोस्टेरॉन बनण्यालाच खीळ घालतं, त्यामुळे आकडा खाली येतो. बायकॅल्युटामाइड टेस्टोस्टेरॉनला पेशीच्या दाराशी अडवतं. बनणं चालूच राहतं, कधी वाढतंही, पण काम होत नाही. बायकॅल्युटामाइड घेणाऱ्या एका मुलीनं “माझं टेस्टोस्टेरॉन वाढलंय, औषध लागू पडत नाही” म्हणून मला घाबरून फोन केला होता. तिच्या चेहऱ्यावरचे केस विरळ होत होते, त्वचा बदलली होती. शरीर सांगत होतं ते तिला ऐकू येत नव्हतं, कागदाचं मात्र तिनं लगेच मनावर घेतलं. मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी औषध तेच ठेवलं आणि यकृताच्या तपासण्या लिहून दिल्या, कारण त्या औषधाबाबत लक्ष ठेवायचं ते तिथे.

टेस्टोस्टेरॉनच्या शेजारी एलएच आणि एफएसएच असतात. पिट्युटरी ग्रंथी या दोघांच्या हाती वृषणांना कामाचा आदेश पाठवते. रक्तात एस्ट्राडायोल पुरेसं आहे असं मेंदूला वाटलं, की आदेश बंद. माझा एलएच ०.२ आला तेव्हा त्यापुढे अर्थातच ‘एल’ होता आणि मी तो नेहमीप्रमाणे दुर्लक्षित केला. डॉक्टरांनी मात्र त्याच ओळीवर बोट ठेवलं. त्यांच्या मते त्या रिपोर्टातली ती सर्वांत कामाची ओळ होती. आदेशच बंद आहे, याचा अर्थ टेस्टोस्टेरॉनला एस्ट्राडायोल एकट्यानं सांभाळतं आहे, आणि मग स्पायरोनोलॅक्टोन कमी करता येईल का, हा विचार सुरू होऊ शकतो. मी दीड पानभर रिपोर्टात एस्ट्राडायोल सोडून काही वाचत नव्हते, आणि पुढचा निर्णय एका ‘एल’वर होणार होता.

हळूहळू माझं मत पक्कं होत गेलं. सगळ्यांची नजर एस्ट्राडायोलच्या ओळीवर असते, आणि आपल्याला रुग्णालयात पोचवू शकतील अशा ओळी त्याच्या खाली असतात. त्यांचे फोटो कुणी कुणाला पाठवत नाही.

हिमोग्लोबिन आधी घ्या. सुरू करण्याआधी माझं १५.२ होतं, मग १२.७ झालं. पुरुषांची रेंज साधारण १३ ते १७, बायकांची १२ ते १५. टेस्टोस्टेरॉन अस्थिमज्जेला लाल पेशी बनवायला चेतवतं. ते उतरलं की हिमोग्लोबिनही उतरतं आणि बायकांच्या पातळीला स्थिरावतं. घराजवळच्या एका डॉक्टरनं तो ‘एल’ बघून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. आमच्या डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलं, ते व्यवस्थित होतं, गोळ्या बंद. १२.७ हा माझ्यासाठी बरोबर आकडा होता, फक्त चुकीच्या रेंजशेजारी छापलेला.

मग फॉर्मवर ‘स्त्री’ लिहिलं की सगळं सुटेल, असं मला वाटलं. हिमोग्लोबिनचा ‘एल’ गेलाही. पण किडनीच्या ओळीत भलतंच झालं. क्रिएटिनिन १.०, जवळपास पूर्वीइतकंच. त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगानं गाळते याचा अंदाज, मात्र १०४ वरून ७८ वर आला. रात्रीतून एक चतुर्थांश किडनी गेली की काय! त्या सूत्रात वय आणि लिंग घातलेलं असतं. २०२१च्या सुधारित सूत्रानं तीस वर्षांच्या माणसाचं क्रिएटिनिन १.० असेल तर पुरुष म्हणून १०४ येतात आणि स्त्री म्हणून ७८. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि हॉर्मोन्स सुरू करून थोडाच काळ झालेला असला की स्नायू या दोन्ही गृहीतकांच्या मध्ये कुठेतरी असतात. “दोन्ही काढून बघू, आणि शंका वाटली तर सिस्टॅटिन सी करू,” असं डॉक्टर म्हणाल्या. ती तपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. पुढे तशी गरज पडली नाही. लिंगाचा रकाना बदलण्याचा दुसरा परिणाम म्हणजे प्रोस्टेटच्या तपासण्या संगणकाच्या यादीतून गायब होतात. प्रोस्टेट मात्र जागच्या जागी असतो. त्याची तपासणी करायचं वय आलं, की पीएसएचा आकडा हॉर्मोन्समुळे आधीच खाली आलेला असतो हेही डॉक्टरांना माहीत असावं लागतं.

स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात रक्तदाबाचं आणि लघवी वाढवणारं औषध. ते शरीरात पोटॅशियम अडवून ठेवतं, आणि पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. म्हणून पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी पोटॅशियम बघतात. माझं नेहमी साडेचारच्या आसपास असायचं. एकदा ५.६ आलं. वरची मर्यादा पाचच्या थोडी पुढे. डॉक्टरांचा फोन त्याच दिवशी आला: गोळी थांबवा, उद्या सकाळी परत रक्त द्या, छातीत धडधड किंवा अशक्तपणा वाटला तर थेट रुग्णालय गाठा. एस्ट्राडायोल ९६ आल्यावर त्यांनी कधी फोन केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रक्त घेणाऱ्या ताई अनुभवी होत्या. मी सवयीनं मूठ आवळ-सोड करायला लागले तर त्यांनी हात धरून थांबवलं. “ताई, मूठ नका आवळू. पोटॅशियम आहे ना?” आदल्या खेपेला शीर सापडत नव्हती म्हणून दंडाला पट्टा बराच वेळ बांधलेला होता आणि “मूठ आवळा, अजून आवळा” चालू होतं. आवळलेल्या स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येतं. शिवाय ओढाताणीत लाल पेशी फुटल्या तर त्यांच्या आतलं पोटॅशियम नमुन्यात मिसळतं. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘नमुना हिमोलाइज्ड’ असं लिहिलेलंही होतं, ते मी नंतर पाहिलं. या वेळचा आकडा आला ४.५. गोळी परत सुरू झाली. त्यानिमित्तानं डॉक्टरांनी रक्तदाबाची दुसरी औषधं आणि कमी सोडियमचं मीठ यांची चौकशी केली. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनसोबत ते नको.

प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हॉर्मोनची ओळ मात्र उगाच घाबरवते, असं माझं मत. एस्ट्रोजेननं ती थोडी वाढते, सायप्रोटेरोननं जास्त. ताण, सुईची भीती, उलटी थांबवणारं डोमपेरिडोन, रिस्पेरिडोनसारखी मानसोपचारातली काही औषधं, सगळ्यांनीच वाढते. थोडीशी वाढलेली दिसली की लोक थेट मेंदूतल्या गाठीपर्यंत पोचतात. खरं तर गाठीबद्दल जपायचं असतं ते सायप्रोटेरोनचा मोठा डोस वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी. त्यांच्यात मेनिंजिओमाचा, म्हणजे मेंदूच्या आवरणातल्या गाठीचा, धोका वाढतो म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०२०मध्ये त्यावर निर्बंध आणले. ती गाठ प्रोलॅक्टिनच्या आकड्यात दिसत नाही. सतत डोकं दुखणं, नजरेत फरक पडणं, अशा तक्रारींकडे लक्ष ठेवावं लागतं.

माझा एक मित्र ट्रान्स पुरुष आहे. त्याचा रिपोर्ट म्हणजे माझ्या रिपोर्टची आरशातली प्रतिमा. त्याच्या फॉर्मवर ‘स्त्री’, त्यामुळे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, ४७ आला तेव्हाच पुढे ‘एच’ लागला होता. आम्ही दोघांनी तो हसण्यावारी नेला, आणि ते बरोबरच होतं. पुरुषांमध्ये ४७ अगदी साधारण. पुढे एकदा त्याचा फोन आला, “अगं, माझं रक्त घट्ट झालंय म्हणतात.” हिमॅटोक्रिट ५३. शेजारी तोच ‘एच’, त्याच ठळक अक्षरात. पण ५४च्या वर गेलं तर रक्त दाटून गुठळीची भीती, म्हणून डॉक्टर सावध होतात. त्याचं इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी असायचं. इंजेक्शननंतर लगेचच्या दिवसांत टेस्टोस्टेरॉन ११००, आणि पुढचं घ्यायच्या आधी २९०. मधोमध मोजलं तर ४०० ते ७०० मध्ये असावं, असं त्याच २०१७च्या सूचना म्हणतात, आणि त्याचं तिथे असायचंही. त्रास शिखराचा होता. डॉक्टरांनी तोच डोस दोन भागांत करून दर आठवड्याला दिला, सिगारेट सोडायला सांगितली, रक्त द्यायला येताना पोटभर पाणी पिऊन यायला सांगितलं. हिमॅटोक्रिट ४९ वर आला. दर दोन आठवड्यांनी शेवटचे तीन-चार दिवस त्याची जी चिडचिड व्हायची तीही गेली. त्याच्या बहिणीला ते सगळ्यात आधी जाणवलं. जाता जाता त्याच्यासारख्यांसाठी एक गोष्ट: टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या रेंजमध्ये आलं आणि पाळी थांबली, तरी गर्भ राहू शकतो. हे कुठल्याच रिपोर्टवर छापलेलं नसतं.

केसांच्या गोळ्यांबद्दल डॉक्टर दर वेळी विचारतात, आणि सुरुवातीला मला ते सौंदर्याबद्दलचं कुतूहल वाटायचं. या गोळ्यांत बायोटिन असतं. शरीराला रोज लागतं सुमारे ३० मायक्रोग्रॅम. गोळीत पाच ते दहा मिलिग्रॅम, म्हणजे दीडशे-तीनशे पटींहूनही जास्त. अनेक इम्युनोअसे यंत्रं बायोटिनचाच गोंद म्हणून वापर करतात, त्यामुळे रक्तात ते खूप असलं की यंत्र फसतं. आणि फसतं तेही दोन दिशांना. एस्ट्राडायोल आणि टेस्टोस्टेरॉन खोटे वाढलेले दिसू शकतात, तर एलएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइडसाठी बघतात ते टीएसएच खोटे कमी. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७मध्ये यावर इशारा दिला होता. आमच्यात केस जपायला कोण काय घेत नाही! तपासणीआधी निदान दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवायला डॉक्टर सांगतात.

एवढं सगळं कळूनही आकडा वाढवण्याचा मोह सुटत नाही, हे कबूल केलं पाहिजे. ११८ वर इतके बदल, तर ३०० वर केवढे, हा हिशोब डोक्यात आपोआप होतो. मी तो डॉक्टरांपुढे मांडला. त्यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासाबद्दल सांगितलं. २२९ ट्रान्स स्त्रियांची वर्षभर मापं घेतली होती. स्तनांची वाढ बहुतांश पहिल्या सहा महिन्यांत झाली, आणि रक्तातल्या एस्ट्राडायोलच्या पातळीवरून कुणाची किती होईल याचा अंदाज बांधता आला नाही. गरजेपुरतं असलं की पुढचं शरीर ठरवतं, आनुवंशिकता ठरवते. जास्तीच्या एस्ट्रोजेनचा धोका मात्र जास्तच राहतो. मला हे ऐकून राग आला होता. कुणावर, ते सांगता येणार नाही.

परवा पुढच्या तपासणीचा कागद लिहिताना डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन निम्मं केलं आणि तीन महिन्यांनी करायच्या तपासण्या लिहिल्या: टेस्टोस्टेरॉन, एलएच, पोटॅशियम, क्रिएटिनिन. एस्ट्राडायोल नव्हतं. मी आठवण करून दिली.

“लिहिते की,” त्या म्हणाल्या. “पण जेलचा डोस तोच ठेवतोय. शंभर आला किंवा दीडशे आला, तर आपण काय बदलणार आहोत?”

काहीच नाही, हे मलाही माहीत होतं. तरी मी म्हणाले, “लिहा.” त्यांनी लिहिलं, सगळ्यात खाली.